उंची तिप्पट

सोमवार, ४ ऑक्टोबर

खडू,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही, हे आधी नीट बघून घे. तू निघून गेलास त्याला चार महिने झाले, आणि जाताना बाबांची पितळी पट्टी घेऊन गेलास, त्यामुळे ‘प्रिय’ सध्या मिळणार नाही. टपाल बंद आहे, म्हणजे हे पत्रही तुला मिळणार नाही. पण जे झालं ते कुणाला सांगितलं नाही तर माझं पोट फुगेल. ते कळण्यासारखी माणसं जगात दोनच, एक तू आणि दुसरे बाबा. बाबा खाणीत बसलेत आणि तू शत्रू आहेस.

ऐक. मला फौजेने बोलावलंय!

शनिवारी दुपारी दोन शिपाई आत्याच्या दारात उभे राहिले. आत्याला वाटलं मला धरायला आले. तिने त्यांना आधी पाय पुसायला लावले आणि मग रडायला लागली. त्यातला मोठा मला म्हणाला, “मातीचे डोंगर करता ते तुम्हीच का?” मी म्हटलं, “प्लास्टरचे. मातीला भेगा पडतात.” “तेच ते,” म्हणाला, “चला.”

मोजणी कचेरी पहिल्याच आठवड्यात जळली हे तुला ठाऊक आहेच. तुम्ही म्हणता आम्ही जाळली, आम्ही म्हणतो तुम्ही. जळायची ती जळली, आणि आता कुणाकडेच धड नकाशा नाही. आमचे साहेब सगळे बाहेरगावचे. त्यांना टेकडी कुठून चढते आणि कुठे उतरते याचा पत्ता नाही. मुलींच्या शाळेच्या भिंतीवर बाबांनी केलेला जिल्ह्याचा देखावा टांगलेला होता. तो कुणीतरी उलटा केला, तर मागे आपल्या दुकानाचं नाव! अशी मी सापडले.

त्याच शाळेच्या व्यायामशाळेत आता फौजेचं डोकं चालतं. घोडा, शिड्या, दोर सगळं भिंतीला लावून ठेवलंय आणि मधोमध आठ टेबलं जोडलीत. मोठे साहेब सारखी काडी चघळतात आणि तीच तोंडातून काढून नकाशावर रोखतात, म्हणून मी त्यांना काडीसाहेब म्हणते. (मनात. एकदा तोंडातून निसटलं, पण त्यांनी ऐकलं नसावं.) तोफांचा अधिकारी सुकलेला, उंच, आणि खिशात कायम कोनमापक. त्याचं नाव आपोआपच पडलं.

काडीसाहेब म्हणाले, “बाई, मला टेकडी हवी. रस्ते, घरं, ओढा, सगळं. बसल्या जागी सगळं गाव दिसलं पाहिजे.”

खडू, माझ्या आयुष्यात मला कुणी असं काही मागितलेलं नाही. शाळांचे मुख्याध्यापक काय मागायचे? “जरा हिरवं जास्त करा.” इथे बारा अधिकारी हात मागे बांधून विचारतात, “बाई, जाळी कुठे ठेवू?” मी एका कर्नलला भुसा चाळायला बसवलं आहे. तुझं स्टूलही मी आणलंय. आता ते माझं.

तुझी ताई


शनिवार, ९ ऑक्टोबर

खडू,

झालं! सोळा फूट लांब, नऊ रुंद. खाली फळ्यांचा सांगाडा, वर कोंबड्यांची जाळी, जाळीवर खळीत भिजवलेली वर्तमानपत्रं, मग प्लास्टर. आपल्या पद्धतीने टेकडी आतून पोकळ. टेबलाखालून हात घातला की पोटात जातो. ही पत्रं मी तिथेच ठेवते. साहेब लोक वरून युद्ध लढतात आणि खाली तुझ्यावरच्या शिव्या सुरक्षित आहेत.

उंची अर्थातच तिप्पट. हात आपोआप तसाच चालला. बाबांचं वाक्य कानात होतंच, “खऱ्या मापाने डोंगर केला तर चादरीची सुरकुती दिसते. म्हणून आपण उंचीत खोटं बोलतो आणि कोपऱ्यात कबूल करतो.” कोपऱ्यातली ती ‘उंची तिप्पट’ची चिठ्ठी मात्र राहिली. रंग वाळायच्या आतच त्यांनी ठोकळे मांडायला सुरुवात केली, मग कुठली चिठ्ठी आणि काय.

आता खरी बातमी. हे लोक खेळतात! अगदी पोरांसारखे. एक जण आपण, एक जण शत्रू. घंटा वाजली की एकाने चाल करायची, मग दुसऱ्याने. पंच म्हणून कोनमापक. बुधवारी जो शत्रू झाला होता तो फार गुळमुळीत खेळला. मी कोपऱ्यात झाडं चिकटवत होते, राहवलं नाही, म्हटलं, “असं नाही करणार ते.” सगळे माझ्याकडे वळले. काडीसाहेब म्हणाले, “मग कसं करतील?”

तेव्हापासून मी शत्रू आहे. तुझ्या बाजूची. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, “भांडलात तेव्हा हे करायचं होतंस.”

मला ठोकळे द्यायला कुणाला सुचलं नाही, म्हणून मी आत्याचे शिवताना बोटात घालायचे अंगुस्ताने आणले. सतरा अंगुस्ताने, एकेक म्हणजे शंभर माणसं. दोऱ्याची रिळं म्हणजे तोफा. आणि मी काय केलं माहीत आहे? लहानपणी भांडताना तू उजवा हात उगारायचास आणि डाव्याने केस ओढायचास. मी तेच केलं. पश्चिमेला स्टेशनच्या रस्त्यावर खूप धूर, खूप गोंधळ, आणि खरी माणसं दक्षिणेच्या खांद्यावरून वर. दीड तासात आमच्या ताब्यातली टेकडी घेतली! काडीसाहेबांनी काडी तोडली. कर्नलने टाळ्या वाजवल्या. मला घरी जाताना रस्ता दिसत नव्हता, इतकी मी फुगले होते.

आणखी एक. तुमच्याकडून पळून आलेला एक शिपाई परवा आत आला, देखावा बघितला आणि म्हणाला, “असाच तिकडेही आहे. झाडं जरा बरी आहेत.” मी विचारलं, “कशाची?” म्हणाला, “वाळक्या दोडक्याच्या जाळीची.”

दोडक्याच्या जाळीची झाडं करणारा माणूस मला एकच माहीत आहे. म्हणजे तूही तिकडे हेच करतो आहेस. दोन फौजा, दोन्हीकडचे साहेब एकाच लष्करी शाळेत एकाच मास्तरांची छडी खाल्लेले, आणि दोघांच्या टेबलावर डोंगर एकाच दुकानातला. भांडण कशावरून, तर कायदे राजधानीत व्हावेत की जिल्ह्याजिल्ह्यांत. तुझी झाडं बरी आहेत हे मात्र मला मान्य नाही.

ताई


बुधवार, १३ ऑक्टोबर

खडू,

माझ्याकडून एक गोष्ट झाली आहे.

आज तिसरा डाव होता. मी रंगात आले होते. पश्चिम त्यांनी बंद केली, दक्षिणेचा खांदा बंद केला, सगळे गालात हसत होते, आता बाईंची जिरली म्हणून. आणि मला कोडं सुटल्यासारखं झालं. विचार न करता मी पाच अंगुस्ताने उचलले आणि पूर्वेच्या अंगाने, खाणीकडून, आपल्या हातगाडीच्या वाटेने सरळ वर चढवले. थेट माथ्यावरच्या पाण्याच्या टाकीच्या मागे. म्हटलं, “आता बोला!”

सगळे टेबलावर वाकले. मग काडीसाहेब हळूच म्हणाले, “इथून चढता येतं?”

तेव्हा मला खाण दिसली, खडू. प्लास्टरची नाही, खरी. दोन्ही फौजांच्या मधे सापडलेल्या गल्लीतली दोनशे माणसं खाणीच्या बोगद्यात राहतात, आणि त्यात बाबा आहेत, चुलीजवळ, त्यांच्या त्या फाटक्या एप्रनमध्ये. त्या वाटेने आपण दोघांनी किती गाड्या ढकलल्या, खाणवाल्यांनी टाकून दिलेले चुन्याचे दगड भरून! मंद चढ. तू गाडीवर बसायचास आणि मी ढकलायची. कुंपणाच्या आत असल्यामुळे गावातही ती वाट कुणाला माहीत नाही. तुला, मला आणि बाबांना माहीत. ती वाट फौजेला कळली की तिच्या पायथ्याशी सुरुंग, माथ्यावर तोफ, आणि मधे बाबा.

मी म्हटलं, “नाही, मी आपली गंमत केली.”

कोनमापकने खिशातला कोन काढून उतारावर ठेवला. “पन्नास अंश,” म्हणाला, आणि वहीत लिहिलं. “सुटे दगड, त्यावर पन्नास अंश. बाईंच्या पलटणीत मुंग्या असतील तर गोष्ट वेगळी.” सगळे हसले. काडीसाहेबांनी पूर्वेची चौकीच काढून टाकली आणि ते चाळीस जण दक्षिणेला हलवले. खुद्द कड्यावर जाऊन बघायला कुणी तयार नाही, कारण तिथे डोकं वर काढलं की तुमची गोळी येते.

म्हणजे ती कोपऱ्यातली चिठ्ठी. मी ‘उंची तिप्पट’ लिहिलं असतं तर कोनमापकला अर्ध्या मिनिटात कळलं असतं की खरा चढ वीस-बावीस अंशांचा आहे. चिठ्ठी करायला आज वेळ होता. मी केली नाही. ज्यांचा पगार घेते त्यांना मी अर्धी टेकडी खोटी दिली आहे.

आता खरं विचारायचं ते विचारते. तू सांगितलंस का तिकडे?

सुईण काल आली होती. दोन्हीकडचे पहारेकरी तिला सोडतात, पोरं काही बाजू बघून जन्माला येत नाहीत. पण ती कागद नेत नाही आणि निरोपही नेत नाही. म्हणते, “मी पोरं आणते, बातम्या नाही.” मी फक्त विचारलं, बाबा कसे आहेत? म्हणाली, “खोकतात. आणि म्हणतात, दोन्ही पोरं एका टेबलावर जेवायला बसतील तेव्हा बाहेर येईन.” मग जाता जाता म्हणाली, “तुझ्या भावानेही मला हेच विचारलं.”

तू निघून गेलास असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. खरं काय ते आपल्याला माहीत आहे. “पुन्हा तोंड दाखवू नकोस” असं मी म्हणाले होते. तुझ्या हातात तेव्हा पट्टी होती, ती तशीच गेली. मला वाटतं तुझ्याही ते लक्षात आलं नसेल.

ताई


शुक्रवार, २२ ऑक्टोबर

खडू,

काल तुम्ही आलात.

सकाळी सातला पहिला फोन वाजला आणि मी व्यायामशाळेत पळत पोचले ती एका पायात आत्याची चप्पल घालून. चार फोन, चार ऑपरेटर. ते ओरडून सांगणार आणि मी ठोकळे सरकवणार. काय सांगू तुला! अंगावर काटा की काय म्हणतात तो मला दुपारपर्यंत होता. स्टेशनच्या रस्त्यावर धूर. “शत्रू पश्चिमेकडून, मोठ्या संख्येने!” काडीसाहेबांचा हात राखीव तुकडीच्या ठोकळ्याकडे गेला, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “तो उजवा हात आहे, साहेब. केस डाव्याने ओढणार!”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राखीव तुकडी जागची हलली नाही. पाऊण तासाने तुम्ही दक्षिणेच्या खांद्यावर आलात, अगदी माझे अंगुस्ताने चढले होते त्या घळीतून. फोनवर आवाज इतके की ऑपरेटर कानावर हात ठेवून बसला. पहिली रांग गेली. दुसरी आली. “परत आले!” “अजून आले!” मी सरकवते आहे, कोनमापक अंतरं ओरडतो आहे, आणि सगळ्यात वेडी गोष्ट म्हणजे मला आनंद होत होता. माझं गणित बरोबर येत होतं!

आणि दर दोन मिनिटांनी माझी नजर पूर्वेकडे. तिकडचा फोन गप्प. मला वाटे, आता वाजेल. आता कुणीतरी म्हणेल, खाणीकडून. नऊ वाजले. दहा. अकराला तुम्ही मागे फिरलात.

खाणीकडून कुणीही आलं नाही. तू सांगितलं नव्हतंस.

मी तुझ्या स्टुलावर बसले आणि रडले. कर्नलला वाटलं विजयाने. त्याने मला पाणी आणून दिलं.

दुपारी त्यांनी मला टेकडीवर नेलं, बक्षीस म्हणून. दुर्बीण दिली. दक्षिणेची घळ दाखवली. खडू, माझ्या टेबलावर ती घळ वीतभर आहे आणि अंगुस्ताना आडवा पडला की टण् असा आवाज येतो. तिथे तसं नव्हतं. एक जण पाय ओढत ओढत झुडपाकडे जात होता आणि पोचत नव्हता. मी दुर्बीण परत दिली. तुम्ही हातगाडीच्या वाटेने आला असतात तर ही माणसं वाचली असती आणि बाबा गेले असते, आणि पलीकडे तूही हेच जाणतोस. आपण दोघांनी मिळून निवडलं, एकमेकांशी न बोलता. हे ओझं आपलं. काडीसाहेब मला शाबासकी देत होते आणि मला त्यांचा हात झटकावासा वाटत होता.

आज अंगुस्ताने आत्याला परत दिले.

ताई


मंगळवार, २ नोव्हेंबर

खडू, माझ्या राजा,

युद्ध थांबलं. दोन्हीकडचा दारूगोळा संपला आणि दोन्हीकडे अक्कल आली. आधी काय झालं ते विचारू नकोस.

परवा सकाळी अकराला तह जाहीर होणार होता. टेकडीच्या माथ्यावर आमचे साहेब, दक्षिणेच्या खांद्यावर तुमचे, मधे पांढरं कापड. मी मागे पाण्याच्या टाकीजवळ. आणि अकराला पाच मिनिटं कमी असताना पूर्वेच्या बाजूने चाकाचा आवाज यायला लागला. कर्र, कर्र. ते चाक मी झोपेतही ओळखेन, त्याला आजवर कुणी तेल दिलेलं नाही.

कड्यावरून आधी एक गादी वर आली. मग गादीखाली हातगाडी. मग गाडी ढकलणारे बाबा. आणि त्यांच्या मागे ओळीने दोनशे माणसं, कडेवर पोरं, डोक्यावर भांडी, एका म्हातारीच्या हातात पिंजरा. कुणालाही धापसुद्धा लागलेली नव्हती.

दोन्ही फौजा आ वासून बघत होत्या. कोनमापकने खिशातून कोन काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला.

बाबांनी गाडी बरोबर पांढऱ्या कापडाशेजारी थांबवली. मला बघितलं, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, “दुसरा कुठाय?”

तोवर तुला पकडलं होतं.

तुमच्या साहेबांनी हातगाडी वर येताना बघितली आणि जागेवरच विचारलं, हा कडा करणारा कोण? ज्या सेनापतीने दक्षिणेच्या घळीत एवढी माणसं घातली त्याला पूर्वेचा मंद चढ डोळ्यांनी दिसला, त्याचं काय झालं असेल ते मला कळतं. फितुरी म्हणतात. फितुरीला गोळी. तहाच्या कलमांत एक ओळ आहे, अशा खटल्यांचा निकाल दोन्ही बाजूंची मिळून एक समिती देईल. समिती शुक्रवारी बसते.

काल तहाची रेघ आखायला मला तिकडे नेलं, तुमच्या गोदामात. तुझा देखावा बघितला. झाडं बरी आहेत. घे, म्हटलं.

आणि मग खाणीची बाजू बघितली. मी निदान सवयीने तिप्पट केली होती आणि मग गप्प राहिले. तू तर वरचा भाग प्लास्टरने फुगवलास आणि खालचा सरळ तोडलास! सत्तर अंश. भिंत. तिथे कडा आहे असं पाटीवर लिहिलंससुद्धा, आणि बाकी सगळी टेकडी मात्र शिस्तीत तिप्पट. माझी चूक होती, तुझं धाडस होतं. मला लाज वाटली आणि अभिमानाने छाती भरून आली, दोन्ही एकदम.

तुमचा एक अधिकारी मला म्हणाला, “तुम्ही त्याची बहीण ना? तुमच्या देखाव्यात हा उतार कसा आहे? तुमचाही असाच असेल तर ती दुकानाची सवय. नसेल तर तो फितूर.” शुक्रवारी सकाळी समिती आमच्याकडे येऊन माझा उतार मोजणार. तुला आणि मला पाच महिने बोलता आलेलं नाही हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून माझी साक्ष खरी.

मी म्हटलं, “असाच आहे.”

माझा पन्नास आहे, खडू. आणि कोनमापकच्या वहीत लिहिलेला आहे.

ताई


गुरुवार, ४ नोव्हेंबर

दोन गोण्या प्लास्टर, एक बादली, तीन तास. कर्नल दारात खुर्ची टाकून बसला आहे. त्याला सांगितलं, तहासाठी डागडुजी. म्हणाला, “करा, करा.” भुसाही चाळून दिला.

वर फुगवला, खाली तोडला, तुझ्यासारखा. हाताला तुझी लय लागली तेव्हा गंमत वाटली. आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम खोटं माप करते आहे आणि शिट्टी वाजवते आहे. वरून कोरडा रंग चोळला. डोळ्याला कळणार नाही. हात लावला तर कळेल, ओलं प्लास्टर आठवडाभर गार लागतं.

समितीने माहितगार म्हणून बाबांना बोलावलंय. हे मला आत्ता कळलं. बाबा! ज्यांनी एकदा अर्धं बोट नदी चुकली म्हणून बारा शाळांचे देखावे परत आणवले ते बाबा.


शुक्रवार, ५ नोव्हेंबर

प्रिय खडू,

लिहिलं बघ.

दहाला सगळे आले. तीन तुमचे, तीन आमचे, त्यात काडीसाहेब आणि कोनमापक. तुमच्या साहेबाने सांगितलं, मोजा. कोनमापकने कोन ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

“सत्तर,” तो म्हणाला.

“तुम्ही आधी कधी मोजला होता?” तुमच्या साहेबाने विचारलं. “वहीत नोंद असेल.”

“वही भिजली,” कोनमापक म्हणाला. काडीसाहेबांनी काडी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाले, “लिहा, सत्तर.” नंतर जाताना ते मला हळूच म्हणाले, “तुमचे अंगुस्ताने मी विसरलेलो नाही बाई. पण एका पोराला गोळी घालून माझ्या टेकडीवर कडा थोडाच उगवणार आहे?”

मग बाबांना पुढे बोलावलं. एप्रन तोच. ते देखाव्याभोवती एक फेरी फिरले, रस्ते बघितले, ओढा बघितला. खाणीपाशी आले आणि सवयीने अंगठा टेकवला.

अंगठा तिथेच राहिला. त्यांना कळलं, खडू. मी त्यांचा चेहरा ओळखते. गार लागलं, ओलं लागलं, आणि आपल्या मुलीने काल काय केलं ते त्यांना दगडावर कोरल्यासारखं कळलं. त्यांनी अंगठा उचलला, तो रंगाने तपकिरी झाला होता, आणि तो हात एप्रनच्या खिशात घातला.

तुमच्या साहेबाने विचारलं, “दोन्ही पोरं तुमच्या हाताखाली शिकलेली. खरा चढ मंद आहे, हे तुम्ही स्वतः गाडी ढकलून दाखवलंत. मग दोन्ही देखाव्यांत तिथे कडा कसा?”

बाबा खोकले. मग म्हणाले, “ही माझ्या दुकानाची पद्धत आहे. आमचे देखावे शाळांत जातात. खाणीत बोगदे आहेत, पोरं तिकडे खेळायला जातात. म्हणून आम्ही ती बाजू नेहमी कडा करतो. बघून पोरांना भीती वाटली पाहिजे.”

“किती वर्षांची पद्धत?”

“तीस,” बाबा म्हणाले. “ही दोघं चालायला लागायच्या आधीपासून.”

तीस वर्षांत बाबांनी एकही कडा केलेला नाही. आपण दोघं त्याच खाणीत खेळून मोठे झालो.

समितीने पाच मिनिटांत लिहिलं, हेतू नव्हता, कारागिराची सवय. उद्या सकाळी तुला सोडणार, पांढऱ्या कापडापाशी.

सगळे गेल्यावर बाबा वाकले. मला वाटलं टेबलाचे पाय बघतायत. त्यांनी टेकडीच्या पोटात हात घातला आणि ही सगळी पत्रं बाहेर काढली. डोंगर पोकळ कुठे असतो हे त्यांना मी सांगायला नको. एकही वाचलं नाही, एप्रनमध्ये कोंबली. उद्या तीच तुझ्या हातात पडतील, हे आता त्यांनी अंगावर घेतलंय. म्हणून मी घाईने हे शेवटचं लिहिते आहे आणि ते दारात उभे राहून हुसकावतायत.

मी म्हटलं, “बाबा, तुम्ही खोटं बोललात.”

“तुम्ही दोघं उंचीत खोटं बोललात,” ते म्हणाले. “कोपऱ्यात कबूल कुणी केलं? दोन्ही डोंगर उद्या दुकानात आणायचे. दोघांनी मिळून खरवडायचे, तिपटीपर्यंत, आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. मी समोर बसून मोजणार. मग जेवण.” आणि मग म्हणाले, “दक्षिणेच्या घळीत काही खुणा करायच्या असतील तर त्याही करा. मी नावं विचारून आणीन.”

दोऱ्याने मोजायचा त्यांना आता कंटाळा आलाय म्हणे.

येताना पट्टी आण.

तुझी ताई